सुळा कुठे अडतो? एका जुन्या वैद्यकीय प्रश्नाची पार्श्वभूमी

अक्कलदाढेखालोखाल सर्वांत जास्त अडणारा, म्हणजे हिरडीबाहेर न येता जबड्यातच अडकून राहणारा दात म्हणजे वरचा सुळा. शंभरात एखाद-दुसऱ्याला हा त्रास होतो, मुलांपेक्षा मुलींना अधिक. खालचा सुळा क्वचितच अडतो. वरचा सुळा तयार होतो पार नाकाच्या कडेला, आणि अकरा-बाराव्या वर्षी, शेजारचे बहुतेक दात आपापल्या जागी बसल्यावर खाली उतरतो. इतक्या लांबच्या वाटेत तो भरकटू शकतो.

जागा नाही म्हणून सुळा अडला, हे आपण सहज म्हणतो. पण १९८३ साली दंतवैद्य जेकोबी यांनी दाखवलं की टाळूकडे अडकलेल्या सुळ्यांपैकी ८५ टक्क्यांना पुरेशी जागा होती. टंचाई मुख्यतः ओठाच्या बाजूला अडलेल्यांत दिसली. मग टाळूकडे तो का वळतो? शेजारचा पटाशीचा दात बारीक असला किंवा आलाच नाही, तर त्याच्या मुळाचा आधार धरून सुळ्याला उतरता येत नाही, असं बेकर आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडलं. १९९४ मध्ये शेल्डन पेक, लीना पेक आणि काताया यांनी हा दोष आनुवंशिक असल्याचं म्हटलं. मला दोन्हींत तथ्य वाटतं, कारण बारीक पटाशीचा दातसुद्धा पुष्कळदा घराण्यातूनच येतो.

निदानाची एक युक्ती क्लार्क यांनी १९१० मध्येच दिली. एकाच जागेचे दोन एक्स-रे घ्यायचे, दुसऱ्या वेळी एक्स-रेची नळी थोडी बाजूला सरकवून. नळी गेली त्याच दिशेला सुळा सरकलेला दिसला, तर तो टाळूकडे आहे. उलट दिशेला दिसला, तर ओठाकडे. आता सीबीसीटी या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये शेजारच्या दाताचं मूळ झिजतंय का, तेही कळतं.

पण पहिली तपासणी बोटानेच होते. दहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाखालच्या हिरडीवर टणक फुगवटा लागायला हवा. एका बाजूला लागला आणि दुसरीकडे नाही, तर दाखवून घ्यावं. मुंबईत आपण ‘दहावी होऊ दे, मग तारा लावू’ म्हणतो, आणि इथेच नुकसान होतं. स्वीडनच्या एरिक्सन आणि कुरोल यांनी १९८८ मध्ये १० ते १३ वर्षांच्या मुलांचे दुधाचे सुळे काढले, तेव्हा टाळूकडे वळलेल्या ४६ पैकी ३६ सुळे आपोआप वाटेवर आले. हे वय उलटलं की बहुधा हिरडी उघडून, सुळ्याला साखळी लावून तो महिनोन्‌महिने खाली ओढावा लागतो. मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात किंवा सेंट जॉर्जच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात मूल चौथी-पाचवीत असतानाच नेता येतं.