सॉसेजची तीन घराणी

उकळत्या पाण्यात हॉट डॉग फुटतो आणि जाळावर ब्राटवुर्स्ट, म्हणजे भाजून खायचं कच्चं जर्मन सॉसेज, बाहेरून करपून आत कच्चं राहतं. या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच असतं: हातातलं सॉसेज कोणत्या घराण्यातलं आहे हे न बघताच ते शिजवायला घेतलेलं असतं. ढोबळमानाने घराणी तीन आहेत. आंबवून, वाळवून टिकवलेलं. ताजं, कच्चं विकलं जाणारं. आणि आवरणात भरल्यावर वाफेवर किंवा गरम पाण्यात पूर्ण शिजवूनच दुकानात येणारं. यकृताची आणि रक्ताची सॉसेजेस यांत नीट बसत नाहीत, ती इथे बाजूला ठेवू.

सुरुवात टिकवण्याच्या गरजेतून झाली. युरोपात थंडीच्या तोंडावर डुक्कर कापलं जाई. मोठे तुकडे खारवले जात. उरलेले छोटे तुकडे, चरबी आणि आतडी यांची सोय सॉसेजने लावली. एपिशियसच्या नावाने चालत आलेल्या रोमन पाकसंग्रहात 'लुकानिका' या सॉसेजची कृती आहे: कुटलेलं मांस, मिरी, जिरं, माशाचा खारट रस, भरपूर चरबी, चिलगोजे, हे सगळं आतड्यात भरून धुरात टांगायचं.

मीठ इथे फक्त चवीसाठी नसतं. वजनाच्या दीड ते दोन टक्के मीठ घालून खिमा मळला की मांसातली प्रथिनं सुटी होतात आणि खिमा चिकट होतो. मळलेला गोळा तळहातावर थापून हात उलटा करावा. गोळा पडला नाही तर मिश्रण तयार. तो पडला आणि तरीही भरला, तर शिजल्यावर सॉसेज भुसभुशीत होतं आणि चरबी वेगळी गळते. वाळवायच्या प्रकारांत मीठ अडीच ते तीन टक्क्यांपर्यंत जातं.

ताज्या सॉसेजला टिकण्याची हमी नसल्यामुळे त्यावर नियम लवकर आले. जर्मनीत थुरिंगियातल्या वायमारमध्ये १४३२ सालचा नियम सॉसेजसाठी फक्त स्वच्छ, ताजं मांस वापरायला सांगतो. न्यूरेंबर्गच्या ब्राटवुर्स्टची मापं तर आजही ठरलेली आहेत: लांबी ७ ते ९ सेंटिमीटर, वजन २० ते २५ ग्रॅम, आवरण मेंढीच्या आतड्याचं. युरोपीय संघाने २००३ मध्ये या नावाला भौगोलिक संरक्षण दिलं. इतकं बारीक सॉसेज थेट जाळावर ठेवलं तरी बाहेर रंग येईपर्यंत आतून शिजतं. डुकराच्या जाड आतड्यात भरलेल्या सॉसेजला तीच वागणूक दिली, की साल काळी आणि मध्य गुलाबी.

टिकाऊ सॉसेजमागे मात्र एक भीती कायम होती. जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमध्ये लोक सॉसेज खाऊन आजारी पडत: आधी एकाच्या जागी दोन दिसत, मग गिळता येईना, शेवटी श्वास थांबे. युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने १८२० आणि १८२२ मध्ये अशा रुग्णांच्या तपशीलवार नोंदी प्रसिद्ध केल्या आणि हे विष हवा नसलेल्या जागी तयार होतं हे ओळखलं. त्यामागचा जंतू सापडायला १८९५ उजाडलं. तो बेल्जियममध्ये एमिल व्हान एर्मेंगेमला सापडला आणि तोही खारवलेल्या हॅममध्ये. घट्ट भरलेलं, हवाबंद, कोमट धुरात तासन्‌तास टांगलेलं सॉसेज हे त्या जंतूसाठी आयतं घर. म्हणून धुरी द्यायच्या सॉसेजमध्ये नायट्राइट हा क्षार लागतो. तो मांसाला गुलाबी रंगही देतो, पण खरं काम हे संरक्षणाचं. ६.२५ टक्के नायट्राइट असलेलं क्युरिंग सॉल्ट एक किलो मांस-चरबीला २.५ ग्रॅम घालतात. हे अंदाजाने, चमच्याने घालायचं नाही. जास्त झालं तर नायट्राइट स्वतःच विषारी आहे.

तिसऱ्या घराण्याचा उगम व्हिएन्नाकडे जातो. फ्रांकफुर्टमध्ये शिकलेला योहान गेओर्ग लाहनर हा खाटीक व्हिएन्नाला आला आणि १८०५ मध्ये त्याने डुक्कर आणि गाय-बैल यांचं मांस एकत्र करून बारीक सॉसेज केलं, असं परंपरा सांगते. जर्मनीतलं फ्रांकफुर्टर मात्र अजूनही निव्वळ डुकराच्या मांसाचं असतं. आजच्या हॉट डॉगचं सारण म्हणजे या प्रकाराचीच गुळगुळीत आवृत्ती: ७०० ग्रॅम बिनचरबीचं मांस, ३०० ग्रॅम चरबी, २५० ते ३०० ग्रॅम बर्फाचा चुरा, सुमारे २२ ग्रॅम मीठ आणि वर सांगितलेलं २.५ ग्रॅम क्युरिंग सॉल्ट. आधी मांस, मीठ आणि थोडा बर्फ वाटायचा, चरबी नंतर. मिश्रणाचं तापमान १२ अंशांवर गेलं तर चरबी मऊ होऊन प्रथिनांच्या जाळीतून निसटते आणि सॉसेज कापल्यावर तुपकट थेंब दिसतात. हा बिघाड नंतर दुरुस्त होत नाही. बर्फ हा वजन वाढवायची लबाडी आहे असं अनेकांना वाटतं. त्याचं मुख्य काम वाटण थंड ठेवणं हे आहे.

अमेरिकेत हे सॉसेज जर्मन स्थलांतरितांबरोबर पोचलं. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर चार्ल्स फेल्टमनने १८६७ च्या सुमारास गाडीवर पावात घालून ते विकायला सुरुवात केली, असं मानतात. पुढे त्याच्याकडेच काम केलेल्या नेथन हँडवर्करने १९१६ मध्ये स्वतःचं दुकान थाटलं आणि दहा सेंटचा हॉट डॉग पाच सेंटला लावला. स्वस्त सॉसेजबद्दलचा संशयही सोबत होताच. शिकागोच्या मांस कारखान्यांवरची अप्टन सिंक्लेअरची कादंबरी १९०६ मध्ये पुस्तकरूपात आली आणि त्याच वर्षी ३० जूनला मांस तपासणीचा कायदा झाला. १९२५ मध्ये तिथल्या कृषी खात्याने नायट्राइटच्या थेट वापराला परवानगी दिली. त्याच सुमारास शिकागोत एर्विन फ्रॉइंडने सेल्युलोजचं आवरण बाजारात आणलं. त्यात सॉसेज शिजवून थंड करतात आणि आवरण सोलून फेकतात. प्रथिनांची पातळ साय तेवढी वर राहते. बिनसालीच्या हॉट डॉगला दाताखाली 'कट्' असा आवाज येत नाही तो यामुळे. तो हवा असेल तर मेंढीच्या आतड्यातलंच घ्यावं.

आता शिजवण्याकडे. हॉट डॉग आधीच शिजलेला असतो, त्याला फक्त गरम करायचं. पाण्याला उकळी आणून आच बंद करा, चिमूटभर मीठ टाका, सॉसेज सोडून आठ ते दहा मिनिटं झाकण ठेवा. खळखळ उकळलं तर आतलं पाणी फुगतं, आवरण आकसतं आणि सॉसेज उभं फाटतं. जाळावर हवं असेल तर मध्यम आचेवर फिरवत राहायचं. तिरक्या उथळ चिरा दिल्या की कडा कुरकुरीत होतात.

कच्च्या जाड ब्राटवुर्स्टला आधी ७० ते ७५ अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवून मग रंग येईपर्यंत भाजणं सोयीचं. मध्यभागी ७१ अंश आले पाहिजेत, कोंबडीचं असेल तर ७४. काट्याने टोचू नये; रस जातो आणि गळलेल्या चरबीने भडका उडतो.

वर काय घालायचं यावर घराघरांत भांडणं आहेत. शिकागोची रीत सगळ्यात ठाम: खसखस लावलेला वाफवलेला बन, पिवळ्या मोहरीचा सॉस, हिरवं गोड लोणचं, चिरलेला कांदा, टोमॅटोच्या फोडी, शेपू घातलेल्या खारात मुरलेली काकडी, छोट्या मिरच्या आणि सेलरीचं मीठ. केचप वर्ज्य. मुलांनी मात्र खुशाल केचप घ्यावा. चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचा तर सॉसेज आधी उभं चिरून मग बारीक तुकडे करावेत, कारण गोल चकती घशात नेमकी बूच बसल्यासारखी अडकते.

रोजचं खाणं म्हणून याकडे बघू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतात असा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींत टाकलं. रोजच्या दर ५० ग्रॅममागे, म्हणजे साधारण एका हॉट डॉगमागे, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. आणि केर्नरने नोंदलेल्या विषाच्या जंतूला रोखणाऱ्या नायट्राइटवर लिस्टेरिया या दुसऱ्या जंतूच्या बाबतीत विसंबता येत नाही. तो फ्रिजच्या थंडीतही वाढतो. उघडलेलं पाकीट आठवड्यात संपवावं. गरोदर स्त्रिया आणि ६५ च्या पुढच्यांसाठी हॉट डॉग पाकिटातून थेट न देता वाफा येईपर्यंत, ७४ अंशांपर्यंत तापवून द्यावा.