छताखालचे दव व वायुवीजन (खानदेश)

छताखालचे दव म्हणजे घरातल्या दमट हवेतील बाष्पाचे थंड पत्र्याला लागून होणारे पाणी. खानदेशात पत्र्याच्या घराला उष्णतारोधक थर देतात तो उन्हासाठी, पण त्या कामातली चूक उघडी पडते थंडीत. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५° से.च्या आसपास जातो, म्हणून लोक उन्हाळ्याआधी पत्र्याखाली थर्माकोल, ग्लासवूल किंवा पीओपीचे छत करून घेतात. तेव्हा हवा इतकी कोरडी असते की दव धरतच नाही. डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र रात्री मात्र पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि पहाटे त्याला पाणी सुटते.

२०° से. तापमानाच्या व ७०% सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचे पाणी होऊ लागते तो, सुमारे १४° से. असतो. धुळ्याकडे थंडीत पहाटेचा पारा १०° से.च्याही खाली येतो. स्वयंपाक, अंघोळीचे गरम पाणी, आत वाळत घातलेले कपडे, झोपलेल्यांचा श्वास यांतून घरात बाष्प साचत राहते. रोधक थर घरातली ऊब खाली अडवतो, त्यामुळे वरचा पत्रा पूर्वीपेक्षा थंड पडतो. बाष्प मात्र फटींतून आणि पंख्या-दिव्यांच्या भोकांतून वर जातच असते. म्हणून नुसता थर दिल्याने दव वाढू शकते. भिजलेल्या ग्लासवूलचा उपयोग उरत नाही, वासे कुजतात, खिळे गंजतात. सर्वांत मोठे नुकसान भावाची वाट पाहत घरात कापूस ठेवणाऱ्याचे होते : सरकारी खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या कापसालाच पूर्ण हमीभाव मिळतो आणि १२ टक्क्यांपुढे तो नाकारला जातो.

उपाय दुहेरी आहे. थराच्या खालच्या, म्हणजे खोलीकडच्या अंगाला प्लास्टिकचा कागद किंवा फॉइल अखंड लावून सांधे चिकटपट्टीने बंद करावेत. स्वयंपाकघराच्या एक्झॉस्ट फॅनचे तोंड पोटमाळ्यात न सोडता थेट बाहेर काढावे. थराच्या वर वळचणीपासून आढ्यापर्यंत हवा खेळती हवी. ब्रिटनमधील प्रचलित प्रमाण असे : थर व छत यांत ५० मिमी मोकळी जागा आणि वळचणीला सलग १० मिमी फट, छताचा उतार १५ अंशांहून कमी असल्यास २५ मिमी. कमी उताराच्या पत्र्यांना हा दुसरा आकडा धरावा. धूळ, चिमण्या, उंदीर येतात म्हणून पत्र्याच्या नागमोडी फटी सिमेंटने बुजवण्याची सवय घातक आहे; तिथे बारीक जाळी बसवावी. एसीच्या खोलीत पावसाळ्यात बाष्पाची वाट उलटी, बाहेरून आत, असते. तेथे बाष्परोधक थर, म्हणजे वर सांगितलेला प्लास्टिकचा कागद किंवा फॉइल, बाहेरच्या अंगाला लागतो. रावेर-यावल भागातल्या केळी पिकवण्याच्या शीतगृहांनाही हाच नियम लागू पडतो.

जुन्या धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छताच्या, घरांत लाकडी तुळयांवरचा मातीचा जाड थर पत्र्यासारखा झटकन थंड होत नाही, थोडे बाष्प पिऊनही घेतो, आणि साण्यातून, म्हणजे छतात ठेवलेल्या भोकातून, धूर-वाफ बाहेर पडते. गळती थांबवण्यासाठी आता अनेक धाब्यांवर पत्रे चढवले जातात. अशा वेळी धाबे व पत्रा यांमधली जागा समोरासमोरच्या दोन्ही बाजूंनी उघडी ठेवावी. साणे पत्र्याखाली तसेच सोडले तर घरातली सगळी वाफ पत्र्यावर जाऊन धरते; बुजवले तर धूर घरात कोंडतो. साण्याला पाइप जोडून तो पत्र्याच्या वर काढावा आणि पावसासाठी त्यावर टोपी बसवावी.