व्हॉल्व्ह अर्धा, प्रवाह ८८ टक्के

कंट्रोल व्हॉल्व्ह अर्धा उघडला की निम्मं पाणी जाणार, हा हिशेब कुणालाही पटेल. पण कारखान्यातल्या कित्येक लाइनवर अर्ध्या उघडलेल्या व्हॉल्व्हमधून ८८ टक्के पाणी जात असतं आणि व्हॉल्व्हमध्ये बिघाड म्हणावा असं काहीच नसतं. मग प्रवाह वर-खाली होत राहतो, तापमान एका जागी टिकत नाही आणि खापर फुटतं ते व्हॉल्व्हवर. तो काढून नवा बसवला तरी दुखणं तसंच राहतं, कारण व्हॉल्व्हचं वागणं एकट्या व्हॉल्व्हवर ठरत नाही. तो ज्या पाइपमध्ये बसतो आणि ज्या हातांनी बसवला जातो, त्यांच्यावरही ते तितकंच ठरतं.

कंट्रोल व्हॉल्व्ह नुसता चालू-बंद होत नाही. शून्य ते शंभर टक्के यांमध्ये सांगाल तिथे थांबणं हे त्याचं काम. पोटात एक सीट असते, तिच्यावर टेकणारा प्लग असतो आणि प्लगला जोडलेला दांडा, म्हणजे स्टेम, वर येतो. वरच्या चपट्या डब्यात रबरी डायफ्रॅम आणि स्प्रिंग असते. हवेचा दाब डायफ्रॅमला एका बाजूला ढकलतो, स्प्रिंग विरुद्ध बाजूला, आणि दोघांचा तोल जिथे साधेल तिथे प्लग थांबतो. कंट्रोल रूममधून हुकूम येतो तो ४ ते २० मिलिअँपिअरच्या विद्युतप्रवाहाच्या रूपात. सुरुवात शून्यापासून न करता ४ पासून करण्यात मोठं शहाणपण आहे. वायर तुटली तर प्रवाह शून्यावर जातो आणि ‘बंद हो’ असा हुकूम आलाय की वायरच तुटलीय, हे लगेच ओळखता येतं. व्हॉल्व्हच्या अंगावर बसलेला पोझिशनर तो हुकूम वाचतो, दांडा खरोखर कुठे आहे ते पाहतो आणि दोन्ही जुळेपर्यंत हवा कमी-जास्त करत राहतो.

हे काम पूर्वी माणसं करत. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या मार्शलटाउन इथे विल्यम फिशर पाणीपुरवठ्याचं काम पाहत असत. आग लागली असताना पाण्याचा दाब टिकावा म्हणून वाफेवर चालणारे पंप रात्रभर हाताने सांभाळत बसण्याची वेळ त्यांच्यावर आली. त्यातून १८८० मध्ये दाब आपोआप राखणारा त्यांचा पंप गव्हर्नर जन्माला आला.

आता त्या ८८ टक्क्यांकडे येऊ. व्हॉल्व्ह प्रवाह कमी करतो तो दाब खाऊन. वाट अरुंद झाली की तिथून जाताना द्रवाचा दाब घटतो आणि ती ऊर्जा उष्णता व आवाजाच्या रूपाने निघून जाते. व्हॉल्व्हची क्षमता मोजायची पद्धतही यावरच उभी आहे. दोन्ही बाजूंच्या दाबात १ बारचा (बार हे दाबाचं एकक, साधारण हवेच्या दाबाएवढं) फरक असताना पूर्ण उघडलेल्या व्हॉल्व्हमधून तासाला जितके घनमीटर पाणी जाईल, तो त्याचा केव्ही आकडा. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की प्रवाह दाबातल्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. प्रवाह दुप्पट हवा असेल तर दाबातला फरक चौपट लागतो.

समजा, पंप कायम ४ बार दाब देतोय आणि लाइनमधून तासाला १०० घनमीटर पाणी जातंय. या प्रवाहाला पाइप, बेंड, हीट एक्स्चेंजर (उष्णतेची देवाणघेवाण करणारं यंत्र) मिळून ३.६ बार खातात. पूर्ण उघड्या व्हॉल्व्हच्या वाट्याला उरतो ०.४ बार, म्हणजे एकूण दाबाचा दहावा हिस्सा. आता व्हॉल्व्ह निम्मा बंद करा. प्रवाह थोडा घटतो. तो घटला की पाइप आणि हीट एक्स्चेंजर आधीपेक्षा बराच कमी दाब खातात आणि तो वाचलेला दाब येऊन पडतो व्हॉल्व्हवर. वाट निम्मी झाली, पण ढकलणारा जोर वाढला. गणित मांडलं तर प्रवाह ८८ टक्के निघतो. पुढे जाऊन व्हॉल्व्ह चौथाईवर आणला तरी ६३ टक्के पाणी जातच असतं. म्हणजे पूर्ण उघड्यापासून अर्ध्यापर्यंत व्हॉल्व्ह जवळजवळ नुसताच हलतो आणि खरा बदल शेवटच्या थोड्याशा हालचालीत घडतो. तिथे जरासा धक्का लागला तरी प्रवाह उसळतो.

यावरचा उपाय मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. वरचा हिशेब सरळ रेषेच्या व्हॉल्व्हचा होता. दाबातला फरक स्थिर ठेवला तर तो जितका उघडेल तितकाच प्रवाह देतो. दुसरा एक प्रकार मुद्दाम वाकड्या आलेखाचा बनवतात. त्याच्या प्लगचा किंवा प्लगभोवतीच्या पिंजऱ्यातल्या खिडक्यांचा आकार असा घडवलेला असतो, की दर १० टक्के उघडण्यामागे प्रवाह आधीच्या प्रवाहाच्या ठरावीक टक्क्यांनी वाढावा. नेहमीच्या ५० पट पल्ल्याच्या, म्हणजे सर्वांत जास्त प्रवाह सर्वांत कमी नियंत्रित प्रवाहाच्या ५० पट असलेल्या, व्हॉल्व्हमध्ये ही वाढ सुमारे ४८ टक्के येते. त्याला समान टक्केवारीचा व्हॉल्व्ह म्हणतात. दाब स्थिर ठेवून तपासला तर अर्धा उघडल्यावर तो फक्त १४ टक्के पाणी सोडतो. आता हाच व्हॉल्व्ह वरच्या लाइनमध्ये बसवा आणि तेच गणित करा. चौथाई उघडल्यावर १७ टक्के, अर्ध्यावर ४१, पाऊण उघडल्यावर ७९ आणि पूर्ण उघडल्यावर १००. व्हॉल्व्हचा वाकडेपणा आणि पाइपचा वाकडेपणा एकमेकांना छेद देतात आणि प्रत्यक्ष लाइनवर मिळणारी रेषा बरीचशी सरळ होते. म्हणून कॅटलॉगमधला आलेख पाहून व्हॉल्व्ह निवडू नये. दाबाचा किती वाटा व्हॉल्व्हला मिळणार, ते आधी काढावं.

निवडीतली दुसरी चूक मोठ्या मापाची. प्रक्रिया आखणारा थोडी जादा क्षमता धरतो, पंप निवडणारा त्यावर आणखी थोडी, आणि व्हॉल्व्ह निवडणारा पुढचं मोठं माप घेतो. परिणामी व्हॉल्व्ह आयुष्यभर पाच-दहा टक्के उघडा राहून काम करतो. त्या चिंचोळ्या फटीतून वेगाने जाणारा द्रव सीट कापत जातो. नेहमीचं काम साधारण २० ते ८० टक्के उघडण्याच्या दरम्यान व्हावं, असं माप योग्य. त्यामुळे व्हॉल्व्ह पाइपपेक्षा एक माप लहान असणं आणि दोन्ही बाजूंना पाइपचं माप बदलणारे रिड्यूसर असणं यात कमीपणा काहीच नाही. बहुतेक वेळा तेच बरोबर असतं.

बसवण्याची तयारी मात्र व्हॉल्व्ह बाजूला ठेवूनच सुरू होते. नव्या लाइनमध्ये वेल्डिंगचे मणी, वाळू, गंजाचे पापुद्रे, कधी वेल्डिंग रॉडचे तुकडेही असतात. व्हॉल्व्हच्या जागी तेवढ्याच लांबीचा साधा पाइप लावून लाइन जोरात धुवून काढायची आणि मगच व्हॉल्व्ह बसवायचा. हे टाळलं तर पहिल्याच दिवशी एखादा मणी प्लग आणि सीट यांच्यात अडकतो, तिथे खाच पडते आणि तो व्हॉल्व्ह पुन्हा कधीच पुरता बंद होत नाही.

अंगावरचा बाण प्रवाहाच्या दिशेने हवा, हे सगळ्यांना माहीत असतं. का हवा, ते कमी जणांना. बऱ्याच ग्लोब व्हॉल्व्हमध्ये द्रव प्लगच्या खालून येतो आणि त्याला वर उचलू पाहतो, त्यामुळे बंद होत येताना प्लग सावकाश टेकतो. असा व्हॉल्व्ह उलटा बसवला तर सीटजवळ येताच द्रवच प्लगला खाली खेचतो. प्लग आदळतो, उचलला जातो, पुन्हा आदळतो.

पाइप आणि व्हॉल्व्ह बोल्टने जोडणाऱ्या चकत्यांची, म्हणजे फ्लँजची, तोंडं जुळत नसली की बोल्ट आवळून किंवा चेन ब्लॉक लावून पाइप ओढून आणायचा मोह होतो. तो ताण कायमचा व्हॉल्व्हच्या अंगात राहतो. बॉडी केसभर जरी वाकली तरी गोल सीट गोल राहत नाही आणि दांडा घासू लागतो. पाइपला त्याचे स्वतःचे आधार हवेत, बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी आणि दोन-तीन टप्प्यांत आवळायचे, गॅस्केट मध्यावर बसलंय ना ते पाहायचं. व्हॉल्व्हच्या आधी सरळ पाइपही ठेवावा लागतो, साधारणपणे पाइपच्या व्यासाच्या दहापट किंवा जास्त. बेंडमधून घोंघावत आलेला प्रवाह प्लगला एका बाजूने रेटत राहतो. अॅक्च्युएटर, म्हणजे डायफ्रॅम-स्प्रिंगचा वरचा डबा, शक्यतो सरळ उभा असावा आणि वर एवढी मोकळी जागा असावी, की दुरुस्तीला आतले भाग बाहेर काढता येतील. नकाशावर ही जागा हटकून विसरली जाते.

जागा निवडताना आणखी एका शत्रूचा विचार करावा लागतो, तो म्हणजे कॅव्हिटेशन. अरुंद वाटेच्या जरा पुढे द्रवाचा वेग सर्वाधिक आणि दाब सर्वांत कमी असतो. तिथला दाब द्रवाच्या बाष्पदाबाखाली (ज्याच्या खाली द्रव उकळू लागतो त्या दाबाखाली) गेला तर द्रव थंड असूनही उकळतो, बुडबुडे होतात. पुढे वाट रुंदावते, दाब परत वाढतो आणि ते बुडबुडे आत कोसळून फुटतात. त्या क्षणी अगदी छोट्या जागेत प्रचंड दाब तयार होतो. लॉर्ड रेली यांनी १९१७ मध्येच त्याचं गणित मांडलं होतं; तेव्हा प्रश्न जहाजांच्या पंख्यांची झीज होण्याचा होता. व्हॉल्व्हमध्ये हे चालू असलं की पाइपमधून खडी वाहतेय असा आवाज येतो. उघडून पाहिलं तर धातू जळक्या कोळशासारखा खडबडीत, खड्ड्याखड्ड्यांचा झालेला दिसतो. दाब परत वाढलाच नाही आणि द्रव वाफ होऊनच पुढे गेला, तर त्याला फ्लॅशिंग म्हणतात. त्यात झिजलेला धातू उलट गुळगुळीत, घासून चमकवल्यासारखा असतो. निकामी झालेला प्लग हातात घेऊन एवढं जरी पाहिलं तरी निदान निम्मं होतं.

पाण्याचा बाष्पदाब २० अंश सेल्सिअसला ०.०२३ बार, तर ८० अंशांना जवळपास ०.४७ बार असतो. म्हणून शक्य तिथे व्हॉल्व्ह हीटरच्या आधी, थंड बाजूला बसवावा. उंचावर बसवण्यापेक्षा खाली बसवावा. १० मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ जवळपास १ बार दाब देतो आणि तो फुकट मिळतो. एवढ्याने भागलं नाही तर दाब एकदम न उतरवता टप्प्याटप्प्याने उतरवणारा आतला संच घ्यावा लागतो.

आता जुळवणी. पोझिशनर बसवताना दांड्याची हालचाल वाचणारी त्याची दांडी व्हॉल्व्ह बरोबर अर्धा उघडा असताना दांड्याशी काटकोनात आहे ना, हे आधी पाहायचं. ती तिरकी राहिली तर दोन्ही टोकं जुळूनही मधला भाग चुकतो. मग शून्य लावायचं: ४ मिलिअँपिअरला प्लग सीटवर नुसता टेकून चालत नाही, पुरेशा जोराने दाबलेला हवा. नंतर २० मिलिअँपिअरला पूर्ण स्ट्रोक, म्हणजे दांड्याची पूर्ण हालचाल. जुन्या यांत्रिक पोझिशनरमध्ये एक स्क्रू फिरवला की दुसरीकडचं हलतं, त्यामुळे दोन्ही टोकं आळीपाळीने, जुळेपर्यंत लावावी लागतात. नवे पोझिशनर बटण दाबताच टोकं स्वतः शोधतात, पण दांड्याची जोडणीच चुकीच्या जागी आवळली असेल तर ते चुकीचीच टोकं इमानेइतबारे शोधून देतात. शेवटी ०, २५, ५०, ७५, १०० असं चढत जायचं आणि त्याच पायऱ्यांनी उतरायचं. चढताना ५० टक्क्यांना दांडा एका जागी आणि उतरताना दुसऱ्या जागी थांबत असेल, तर कुठेतरी घर्षण किंवा ढिलेपणा आहे.

बहुतेक वेळा हे घर्षण दांड्याजवळची गळती रोखणाऱ्या पॅकिंगमध्ये सापडतं. दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून थेंब दिसला की ते दाबून धरणाऱ्या ग्लँडचे नट आणखी थोडे आवळले जातात. गळती थांबते आणि व्हॉल्व्ह चिकटू लागतो. जड कपाट ढकलताना आधी हलत नाही आणि हललं की एकदम हातभर सरकतं, तसा दांडा वागतो. प्रवाह पाहून हुकूम ठरवणारा कंट्रोलर थोडा हुकूम वाढवतो, दांडा ढिम्म. आणखी वाढवतो, आणखी वाढवतो, आणि दांडा उडी मारून पुढे जातो. मग उलट दिशेने तोच खेळ. कंट्रोल रूमच्या पडद्यावर प्रवाहाच्या लाटा दिसतात आणि कंट्रोलरचं ट्यूनिंग बदलायला सुरुवात होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आधी लूप (मोजमाप, कंट्रोलर आणि व्हॉल्व्ह यांची साखळी) मॅन्युअलवर घ्यावा, म्हणजे हुकूम हाताने द्यावा. लाटा तरीही चालू राहिल्या तर त्रास बाहेरून येतोय. थांबल्या तर दोष या लूपमध्येच आहे. मग एकाने हुकूम अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने बदलावा आणि दुसऱ्याने व्हॉल्व्हजवळ उभं राहून दांड्यावर नजर ठेवावी. चांगला व्हॉल्व्ह एवढ्या बारीक हुकुमालाही हलतो.

हवा बंद करून व्हॉल्व्ह कुठे जातो, तेही प्रत्यक्ष पाहिलंच पाहिजे. इंधनाचा व्हॉल्व्ह हवा गेली की बंद व्हायला हवा, थंड पाण्याचा सहसा पूर्ण उघडायला हवा. हे कागदावर वाचून भागत नाही. २८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकून राहिला. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र तो बंद झाल्याचं सांगत होता, कारण तो दिवा व्हॉल्व्हला दिलेला विद्युत हुकूम दाखवत होता, व्हॉल्व्हची खरी जागा नव्हे. दोन तासांहून अधिक काळ थंड ठेवणारं पाणी निघून जात राहिलं आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा मोठा भाग वितळला. हुकूम आणि हालचाल या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात, त्या यासाठी.

नव्या पोझिशनरमध्ये हे मोजमाप साठवताही येतं. व्हॉल्व्ह सावकाश पूर्ण उघडून पुन्हा बंद करायचा आणि प्रत्येक जागी लागलेला हवेचा दाब नोंदवायचा. जाण्याची आणि येण्याची अशा दोन रेषा मिळतात. बसवल्याच्या दिवशीच हा आलेख काढून फाइलला लावावा. पुढच्या वर्षी पुन्हा काढल्यावर दोन रेषांमधलं अंतर वाढलेलं दिसलं तर घर्षण वाढलंय, पॅकिंगकडे पाहा. दोन्ही रेषा मिळून एकीकडे सरकल्या असतील तर स्प्रिंगची जुळवणी बदललीय. सीटजवळचा रेषेचा कोपरा आधी टोकदार होता आणि आता गोलावलाय, तर सीट किंवा प्लग झिजायला लागलाय आणि पुढच्या वेळी कारखाना दुरुस्तीसाठी बंद होईल तेव्हा नवी सीट तयार ठेवायला हवी.