एमआरआय नॉर्मल आला म्हणजे डिमेन्शिया नाही?

‘मेंदूचा एमआरआय स्कॅन नॉर्मल आहे, म्हणजे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) नाही’ हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी निदान लांबतं. आजार सुरू होताना स्कॅन नॉर्मल दिसू शकतो. उलट, वयानुसार थोडा आकसलेला मेंदू धडधाकट माणसातही दिसतो. स्कॅन काढतात ते मुख्यतः गाठ, पक्षाघाताच्या खुणा किंवा कवटीखाली साचलेलं रक्त शोधायला. बी१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, चालू औषधंही बघतात, कारण दोष तिथे असेल तर विसराळूपणा उपचारांनी कमी होऊ शकतो.

निदानाचा खरा आधार आहे स्मृतीच्या चाचण्या आणि घरच्यांनी सांगितलेली हकिकत. पैशांचे व्यवहार जमेनासे झालेत का? ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ होतो का? रुग्ण स्वतः बऱ्याचदा ‘मला काही झालेलं नाही’ असंच मनापासून सांगतो. म्हणून रोज सोबत राहणाऱ्यानेच तपासणीला बरोबर जावं.