केटी, वायडी आणि टर्म : वर्ष जाण्यामागची जुनी गोष्ट

इंजिनीअरिंगचा रिझल्ट लागला की हॉस्टेलवर पास का नापास असं कोणी विचारतच नाही, किती विषय राहिले (म्हणजे केटी) आणि वर्ष गेलं का (म्हणजे वायडी, ‘इयर डाउन’) हे विचारतात. एटीकेटी म्हणजे ‘अलाउड टु कीप टर्म्स’, राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्षाला जायची मुभा, हे बहुतेकांना पहिली केटी लागल्यावरच कळतं, पण त्यातला ‘टर्म’, म्हणजे कॉलेजातलं सत्र, हा शब्द खूप जुना आहे आणि सगळं प्रकरण तिथूनच सुरू होतं.

मुंबई विद्यापीठ १८५७ ला निघालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे शिकवायचं कॉलेजांनी आणि विद्यापीठाने फक्त परीक्षा घ्यायची, त्यामुळे आधी कॉलेजात टर्म भरा आणि मग परीक्षेला बसा असा हिशोब. टर्म भरणं हे पण विलायतेचंच, गांधीजी बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले तेव्हा टर्म भरायची म्हणजे ठरावीक डिनरना हजर राहायचं, असं त्यांनीच आत्मकथेत लिहिलंय. आपल्याकडे जेवणाच्या जागी वर्गातली हजेरी आली, आजही ७५ टक्के भरली नाही तर टर्म ग्रँट होत नाही, म्हणजे परीक्षेला बसता येत नाही.

१८६२ ला पहिले बीए झाले ते चौघंच, रानडे, भांडारकर, वागळे आणि मोडक. नापास होणं तेव्हा रोजचंच होतं. टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष तब्येत कमावण्यात घालवलं, नापास झाले, आणि पुढे गणित घेऊन फर्स्ट क्लासमध्ये बीए झाले. वायडी लागलेल्या प्रत्येक पोराच्या आईबापांना मला हे सांगावंसं वाटतं, मनापासून.

एक-दोन पेपरांसाठी अख्खं वर्ष जाऊ नये म्हणून एटीकेटी आली आणि ती सोय चांगलीच आहे. पण इंजिनीअरिंगला वर्षानुवर्षं नियम असा राहिला की पहिल्याचे राहिलेले विषय घेऊन दुसऱ्याला जाता येतं, तिसऱ्याला जायचं तर पहिलं वर्ष ऑल क्लिअर पाहिजे. म्हणजे खड्डा बुजला नाही, एक वर्ष पुढे सरकला. पोरगं दुसऱ्या वर्षाची सबमिशनं करतंय, जर्नलवर सह्या घेत फिरतंय, आणि त्याच महिन्यात एम-वनचा (पहिल्या वर्षाचं गणित) केटी पेपर आणि एम-थ्रीचा (दुसऱ्या वर्षाचं गणित) रेग्युलर पेपर, दोन्ही डोक्यावर. माझ्या रूममेटचं दुसरं वर्ष सगळं सुटलं होतं, पहिल्या वर्षाचा एक मेकॅनिक्स राहिला म्हणून वायडी. घरी सांगायची हिंमत नव्हती, रोज सकाळी बॅग घेऊन बाहेर पडायचा आणि दिवसभर अभ्यासिकेत बसायचा, कारण कॉलेजात त्याला वर्गच नव्हता.

यात पैशाचा भाग वाढला तो १९८३ नंतर. वसंतदादा पाटलांच्या काळात विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजं निघाली, गावाकडच्या पोरांना दार उघडलं हे खरंच मोठं काम, पण वर्ष जाणं म्हणजे आता रूमचं भाडं, मेस, लोनचं व्याज आणि स्कॉलरशिप अडकायची भीती. त्यात मध्येच पॅटर्न बदलला की जुन्या सिलॅबसचा पेपर शिकवणारं कोणी राहत नाही.

आयआयटीची तऱ्हा वेगळी, तिथे सगळं सीजीपीएवर, म्हणजे ग्रेडच्या दहापैकी सरासरीवर. २०१५ च्या जुलैत आयआयटी रुरकीने पहिल्या वर्षाच्या ७० हून जास्त पोरांना सीजीपीए ५ च्या खाली गेला म्हणून काढून टाकलं, पोरं हायकोर्टात गेली, तिथे दाद मिळाली नाही, शेवटी संस्थेनेच पहिलं वर्ष परत करायची संधी दिली. जेईई काढलेलं पोरगं एका वर्षात बिनकामाचं होत नाही हो, आपल्या भाषेत बारावीपर्यंत शिकून एकदम इंग्रजी लेक्चरला बसलं की पहिलं सेमिस्टर नुसतं शब्द पकडण्यातच जातं.

२०२० ला कोविडमध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मधल्या वर्षांच्या पोरांना इंटर्नल आणि मागच्या सेमिस्टरचे मार्क निम्मे-निम्मे धरून पुढच्या वर्षात ढकलायला सांगितलं, शेवटच्या वर्षाची परीक्षा मात्र घ्यावीच लागेल हा निकाल सुप्रीम कोर्टाने २८ ऑगस्टला दिला. बॅकलॉगवाल्यांचं, म्हणजे केटी राहिलेल्यांचं, काय, यावर आपल्याकडे कितीतरी आठवडे पोरं नुसती सर्क्युलरची वाट बघत होती.