तालिकीकरण-प्रणालीचे अनुकूलन

तालिकीकरणाच्या (ग्रंथांच्या सूचीसाठी नोंदी करण्याच्या) संगणकीय प्रणालीत आपल्या संग्रहाला व कार्यपद्धतीला साजेसे बदल करून प्रत्येक ग्रंथाच्या नोंदीसाठी लागणारा वेळ आणि दाबाव्या लागणाऱ्या कळांची संख्या कमी करण्याची ग्रंथालयीन पद्धती. ठरावीक मूल्ये आपोआप भरून घेणे, न लागणारी क्षेत्रे (नोंदीतील रकाने) पडद्यावरून लपवणे, नेहमीच्या मजकुरासाठी कळजोड्या नेमणे, मॅक्रो (अनेक कृती एका आदेशाने करून घेणारे छोटे आज्ञासंच) लिहिणे आणि अनेक नोंदींत एकगठ्ठा दुरुस्ती करणे ही तिची मुख्य अंगे होत. झेड ३९.५० या, ग्रंथालयांच्या संगणकांना परस्परांच्या नोंदी शोधू देणाऱ्या प्रोटोकॉलद्वारे दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद उतरवून घेणे ही निकटची, पण वेगळी प्रथा आहे.

या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा, हे ‘अनुकूलन’ कशाला म्हणावयाचे यावर अवलंबून आहे. पुनर्लेखन टाळणे एवढाच निकष लावल्यास अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ पासून सुरू केलेल्या छापील तालिकापत्रांच्या वितरणापर्यंत मागे जाता येते. परंतु तेथे श्रम वाटून घेतले गेले, साधन बदलले गेले नाही. हेन्रिएट ॲव्हरॅम यांच्या नेतृत्वाखाली १९६० च्या दशकात तेथेच मार्क हा नोंदींचा, क्रमांकित क्षेत्रांचा यंत्रवाचनीय आराखडा सिद्ध झाला आणि १९७१ मध्ये ओहायोतील ओसीएलसी या संस्थेने सामायिक ऑनलाइन तालिकीकरण सुरू केले. प्रत्येक सदस्य ग्रंथालयाच्या पसंतीनुसार तालिकापत्रे छापून देण्याची तिची व्यवस्था अनुकूलनाचीच होती, तथापि तिचे नियंत्रण मध्यवर्ती संगणकाकडे होते. १९८० च्या दशकात साध्या टर्मिनलऐवजी वैयक्तिक संगणक आले, तेव्हा कोणत्या कळेने काय घडावे हे तालिकाकाराला स्वतः ठरवता येऊ लागले. कळांची बचत हा मुख्य हेतू मानल्यास ही शेवटची कालनिश्चिती अधिक ग्राह्य ठरते. वेळेच्या बचतीचा विचार मात्र यंत्राहून जुना आहे. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे आणि त्याच्या विवेचनात सेवकवर्गाचा वेळही येतो.

अनुकूलनाचा लाभ कोठे होतो, हे मुद्रित पुस्तकाच्या एका नोंदीवरून स्पष्ट होते. आरडीए ही तालिकीकरणाची नियमसंहिता लायब्ररी ऑफ काँग्रेसने ३१ मार्च २०१३ पासून अंगीकारली. तिच्यामुळे आशय, माध्यम व वाहक यांसाठी अनुक्रमे ३३६, ३३७ व ३३८ ही मार्कची क्षेत्रे नोंदीत आली. साध्या मुद्रित मजकुराच्या प्रत्येक एकखंडी पुस्तकात या तीन ओळी त्याच त्या असतात, तरी क्षेत्रक्रमांक व उपक्षेत्रचिन्हे (क्षेत्राचे पोटभाग दाखवणारी चिन्हे) वगळूनही त्यांत रोमन लिपीतील ५४ अक्षरे टंकावी लागतात. म्हणजे शंभर पुस्तकांमागे ५,४०० अक्षरे. हा मजकूर साच्यात एकदाच भरून ठेवला की ते श्रम संपतात. ००८ या ४० स्थानांच्या क्षेत्राचेही असेच आहे. प्रामुख्याने मराठी ग्रंथ घेणाऱ्या ग्रंथालयाला त्यातील ३५ ते ३७ या स्थानी मराठीचा भाषासंकेत आधीच मांडून ठेवता येतो. मात्र हिंदी पुस्तक हाताळताना तो बदलायचा राहिला, तर नोंद पाहताना लिपी सारखीच असल्याने चूक डोळ्यांना खटकत नाही. भाषेनुसार शोध घेणाऱ्या वाचकाला ते पुस्तक सापडत नाही. म्हणून पूर्वभरित मूल्ये खरोखर न बदलणाऱ्या घटकांपुरती ठेवणे श्रेयस्कर होय. शीर्षकाच्या २४५ क्षेत्रातील दुसरा निर्देशक हे सुरक्षित पूर्वभरणाचे उत्तम उदाहरण: वर्णानुक्रमात आरंभीची किती अक्षरे सोडावीत ते हा अंक सांगतो. इंग्रजीतील ‘द’ या उपपदासाठी तेथे ४ लागतो, तर मराठीत उपपदेच नसल्याने शून्य ठेवता येते.

ओसीएलसीच्या कनेक्शन क्लायंट या सॉफ्टवेअरमध्ये स्थिर मजकुराचे साचे आणि बेसिकसदृश भाषेत लिहावयाचे मॅक्रो यांची सोय करण्यात आली. नोंदींच्या एकगठ्ठा दुरुस्तीसाठी टेरी रीज यांनी विकसित केलेले मार्कएडिट विशेष प्रचारात आहे. भारतात युनेस्कोच्या सीडीएस-आयसिस या प्रणालीच्या नोंदतक्त्यांत क्षेत्रनिहाय पूर्वमूल्ये देता येत असत. न्यूझीलंडमध्ये १९९९ मध्ये विकसित होऊ लागलेल्या कोहा या मुक्त प्रणालीत ग्रंथप्रकारानुसार वेगवेगळ्या चौकटी करता येतात: पुस्तकासाठी एक, नियतकालिकासाठी दुसरी. प्रत्येक चौकटीत कोणते उपक्षेत्र दिसावे, कोणते अनिवार्य असावे आणि कोणते भरलेले यावे, हे ग्रंथालयच ठरवते; चालू वर्षासारखे मूल्यही आपोआप घेता येते.

देवनागरी नोंदींबाबत कळांचा हिशेब वेगळा होतो. कोहाच्या प्रगत संपादकात (नोंद लिहिण्याच्या एका पडद्यात) संपूर्ण नोंद सलग टंकता येते आणि कंट्रोल व डी या कळजोडीने उपक्षेत्राचे चिन्ह उमटते. रोमन लिपीत काम करणाऱ्यास हा मार्ग जलद पडतो. परंतु चिन्हामागचे संकेताक्षर रोमन आणि पुढचा मजकूर देवनागरी असल्याने इनस्क्रिप्ट हा देवनागरी कळफलक वापरणाऱ्यास एकाच क्षेत्रात अनेकदा कळफलक पालटावा लागतो. मूळ संपादकात प्रत्येक उपक्षेत्राला स्वतंत्र चौकोन असतो व संकेताक्षर टंकावे लागत नाही. त्यामुळे मराठी नोंदींसाठी, विशेषतः लिप्यंतरित नोंदीला मूळ लिपीची जोड देणारे ८८० हे क्षेत्र भरताना, हाच संपादक अधिक सोयीचा ठरतो.