लोहमार्गावरील उष्णतेचा परिणाम (मिरज–कोल्हापूर मार्ग)

उन्हाने तापलेले पोलादी रूळ लांबू पाहतात आणि लांबायला जागा नसली की आतल्या आत दाबले जातात. हा दाब खालच्या स्लीपरना (रुळांना आधार देणाऱ्या आडव्या तुळयांना) आणि भोवतालच्या खडीला आवरला नाही, तर रूळ बाजूला सरकून सापासारखा वळतो. रेल्वेच्या भाषेत याला ‘बकलिंग’ म्हणतात. उन्हाळ्यात गाड्या उशिरा धावण्याशी या प्रकाराचा संबंध आहे, पण लोक समजतात तितका तो सरळ नाही. रूळ प्रत्यक्ष वाकल्यामुळे अडकलेल्या गाड्या थोड्या. तो वाकू नये म्हणून मुद्दाम हळू चालवलेल्या गाड्या पुष्कळ.

मार्ग आणि हवामान

कोल्हापूर संस्थानच्या रेल्वेची पायाभरणी १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते झाली. त्यांचा राज्याभिषेक व्हायला तेव्हा अजून सहा वर्षे होती. १८९१ मध्ये मिरज–कोल्हापूर मार्ग सुरू झाला. सुरुवातीला मीटरगेज असलेला हा मार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला. आज तो मध्य रेल्वेच्या पुणे विभागात मोडतो. लांबी सुमारे ४७ कि.मी. कोल्हापूरहून सुटलेली गाडी गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे, जयसिंगपूर अशी मिरजेला पोहोचते. वाटेत रुकडीजवळ पंचगंगा आणि मिरजेच्या अलीकडे कृष्णा लागते. मार्गावर विजेच्या तारा आल्या, पण रुळांची जोडी अजून एकच आहे. उन्हाळ्यातल्या उशिराच्या हिशेबात हा एकेरीपणाच सर्वांत महाग पडतो.

कोल्हापूरचा उन्हाळा विदर्भासारखा नाही. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, सह्याद्री जवळ आहे, आणि संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला की अंगण गार होते. एप्रिल हा सर्वांत तापलेला महिना. तेव्हा दुपारचा पारा साधारण ३७–३८ अंशांपर्यंत जातो. मे उजाडला की वळवाच्या सरी त्याला अधूनमधून खाली खेचतात. नेमक्या एप्रिलच्या आसपासच जोतिबाची चैत्र यात्रा येते आणि गाड्या भरून वाहतात. त्यामुळे उशिराची चर्चा कोल्हापुरात या दिवसांत जास्त होते.

मात्र हे आकडे हवेचे आहेत, आणि ते सावलीत मोजलेले असतात. उघड्यावर पडलेला रूळ हवेपेक्षा १५ ते २० अंशांनी जास्त तापू शकतो. बातम्यांत ३८ अंश सांगितले त्या दुपारी वळिवड्याच्या उघड्या रानातला रूळ ५५ अंशांच्या घरात असू शकतो. त्यावर अनवाणी पाय ठेवणे म्हणजे तव्यावर ठेवणे.

फटींचे रूळ आणि सलग रूळ

पोलाद एका अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे एक लाखांश पट वाढते. भारतीय रेल्वे हिशेबासाठी ०.००००११५२ हा गुणक धरते. आकडा क्षुल्लक वाटतो, पण लांबीशी गुणून पाहावा. १३ मीटरचा एक रूळ ४० अंशांच्या फरकाने ६ मि.मी. वाढतो. मिरजेपासून कोल्हापूरपर्यंतचा रूळ एकसंध आणि मोकळा आहे असे धरले, तर तेवढ्याच फरकाने तो २१ मीटरहून अधिक लांबेल. म्हणजे जवळपास एक आख्खा डबा कोल्हापूरच्या फलाटाबाहेर येईल.

जुन्या पद्धतीत यावर सोपा उपाय होता. दोन रुळांमध्ये फट ठेवायची आणि ते फिशप्लेट (लोखंडी जोडपट्टी) व बोल्टांनी जोडायचे. मीटरगेजच्या काळात प्रवास केलेल्या मंडळींच्या कानात बसलेली ‘खडक्-खट्’ ही लय त्या फटींचीच. पण प्रत्येक फटीवर चाक आपटते. रुळाची टोके झिजतात, खालची खडी खचते, बोल्ट ढिले होतात. वेग वाढला तसा हा खर्च परवडेनासा झाला आणि रूळ एकमेकांना वितळजोड देऊन सलग करण्यात आले. २५० मीटरपेक्षा लांब अशा पट्ट्याला भारतात साधारणपणे लांब वेल्ड केलेला रूळ म्हणतात, आणि तो अनेक किलोमीटरही असू शकतो. लय गेली, प्रवास मऊ झाला. पण फट गेली म्हणून उष्णता काही गेली नाही. रूळ आधी लांबून मोकळा व्हायचा. आता तो दाब पोटात धरून राहतो.

हा दाब केवढा असतो? मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात एका अंशाला सुमारे १.९ टन. रूळ आपल्या ताणमुक्त तापमानापेक्षा (ते म्हणजे काय, हे पुढे येते) ३० अंशांनी तापला, तर एकेका रुळात ५७ टन आणि दोन्ही मिळून शंभर टनांवर दाब तयार होतो. गंमत अशी, की हा दाब पट्ट्याच्या लांबीवर अवलंबून नाही. पट्टा एक किलोमीटरचा असो वा दहा, मधल्या भागात दाब तेवढाच. हालचाल होते ती फक्त दोन्ही टोकांच्या शंभरेक मीटरांत. तिथे तिरके कापलेले सरकते सांधे बसवलेले असतात. पट्ट्याचे टोक तिथे मागे-पुढे होते, म्हणून त्या भागाला रूळ ‘श्वास घेतो’ असे म्हणतात.

ताणमुक्तीचे तापमान

ज्या तापमानाला रुळात ताण नाही आणि दाबही नाही, ते त्याचे ताणमुक्त तापमान. ते निसर्गाने दिलेले नसते, माणूस ठरवतो. रुळाला स्लीपरशी धरणाऱ्या पकडी सोडून, रूळ रोलरवर उचलून मोकळा करतात; त्या वेळी त्याचे तापमान हवे तेवढे नसेल तर जॅकने ओढून तेवढी लांबी देतात आणि मग पुन्हा आवळतात. या कामाला ‘डीस्ट्रेसिंग’ म्हणतात. भारतीय रेल्वेत दीर्घकाळ वापरलेला नियम असा: त्या भागातील रुळाच्या कमाल व किमान तापमानाची सरासरी काढायची आणि जड रुळांसाठी तिच्या ५ ते १० अंश वर हे तापमान धरायचे. उदाहरणापुरते, रूळ वर्षभरात १० ते ६२ अंशांत फिरत असेल तर सरासरी ३६, म्हणून ताणमुक्त तापमान ४१ ते ४६.

इंग्लंडमध्ये ३५ अंशांना गाड्या रखडतात आणि नागपुरात ४५ अंशांना धावतात, याचे उत्तर यातच आहे. तिथला रूळ २७ अंशांना ताणमुक्त केलेला असतो, कारण त्यांना हिवाळाही सांभाळायचा असतो. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदाच ४० च्या वर गेला, तेव्हा अनेक मार्गांवरची वाहतूक बंद ठेवावी लागली. त्यावर आपल्याकडे झालेली थट्टा अस्थानी होती. पोलाद दोन्हीकडे सारखेच. रूळ बांधताना धरलेले तापमान वेगळे. तिकडे काही ठिकाणी रुळाच्या बाजू पांढऱ्या रंगवतात, त्याने तापमान ५ ते १० अंशांनी उतरते.

खडी

रुळाला जागेवर धरते ती मुख्यतः खडी. खडी म्हणजे पाणी निचरण्यासाठी टाकलेले दगड, एवढीच बहुतेकांची समजूत असते. कोल्हापूर परिसरात ती काळ्या बेसाल्टची, फोडलेली, धारदार कडांची असते. नदीतला गोटा इथे उपयोगाचा नाही. गोटे एकमेकांवरून घसरतात, धारदार दगड एकमेकांत अडकतात. काँक्रीटच्या स्लीपरचे वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास असते. तो खाली खडीत रुतून बसतो, दोन स्लीपरमधली खडी त्याला पुढे-मागे सरकू देत नाही, आणि टोकाबाहेर रचलेला खडीचा ‘खांदा’ त्याला आडवे जाऊ देत नाही. शंभर टनांचा दाब आणि मोकळे रान यांच्यामध्ये हा दीड-दोन वितींचा खांदा उभा असतो. पायवाट म्हणून गुराढोरांनी, माणसांनी तो तुडवला, फाटकाजवळ दगड उचलून नेले, की नेमकी तीच जागा उन्हाळ्यात घात करते.

खडीचा दुसरा शत्रू म्हणजे तिची दुरुस्तीच. यंत्राने स्लीपरखालची खडी ठोकून पातळी सुधारली, की काही दिवस तिची पकड सैल असते. गाड्या वरून जाऊन ती पुन्हा बसेपर्यंत धोका वाढलेला असतो. म्हणून रुळाचे तापमान ताणमुक्त तापमानाच्या १० अंशांहून जास्त वर असताना नेहमीची दुरुस्ती काढत नाहीत. उन्हाळ्यात कामाचे ब्लॉक (गाड्या थांबवून कामाला दिलेला वेळ) पहाटे आणि सकाळी घेतात ते या कारणाने. मजुरांना ऊन लागू नये हा त्यातला दुसरा लाभ. वळणांवर, पुलांच्या तोंडाशी, उताराच्या पायथ्याशी जिथे गाड्या ब्रेक लावतात, अशा जागा जास्त नाजूक असतात. पुण्याकडून येताना शिंदवणे आणि आदर्कीच्या घाटात वळणे फार. मिरज–कोल्हापूर त्या मानाने सपाट. नदीकाठच्या काळ्या मातीचा मात्र वेगळा त्रास असतो. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या रुळाची पातळी बिघडवते.

पहारा

चावीवाला रोज आपल्या टप्प्यातून चालत जातो. खांद्यावर हातोडा, हातात पाना, झोळीत लाल-हिरव्या झेंड्या आणि फटाके (चाकाखाली फुटून चालकाला धोक्याचा इशारा देणारे). ‘चावी’ म्हणजे रूळ आवळून धरणारी पाचर, हे नाव जुन्या काळचे. आता तो ठोकून बसवतो ती स्प्रिंगची पकड असते, आणि हातोड्याच्या आवाजावरून ती घट्ट आहे की ढिली हे त्याला कळते. गँगमनचे सरकारी नाव आता ‘ट्रॅक मेंटेनर’ झाले आहे, पण बोलण्यात गँगमनच आहे.

रुळाचे तापमान घड्याळाच्या तबकडीसारख्या थर्मामीटरने मोजतात. मागे चुंबक असते. ते रुळाला चिकटवून काटा स्थिर होईपर्यंत थांबायचे. हे तापमान ताणमुक्त तापमानाच्या २० अंश वर गेले, की उन्हाळी पहारा सुरू होतो. गस्तवाला आपल्या छोट्या टप्प्यात भर दुपारी फेऱ्या घालतो. वाकलेला रूळ शोधणे हे त्याचे काम नव्हे, तो तर कुणालाही दिसेल. त्याला पाहायचे असते ते आधीचे लक्षण: रुळाच्या सरळ रेषेत आलेला बारीकसा बाक, किंवा स्लीपरच्या टोकाशी खडीत पडलेली बोटभर फट. फट एका बाजूला असेल तर स्लीपर दुसऱ्या बाजूला सरकला आहे. तसे दिसले की लाल झेंडी लावून तो गाडीच्या दिशेने धावतो. ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन फटाके रुळावर बांधतो. लोको पायलटही गाडीला बसलेला झटका पुढच्या स्टेशनला कळवतो, आणि अशा झटक्याकडे उन्हाळ्यात कुणी दुर्लक्ष करत नाही.

उशीर कसा वाढतो

नुकतीच खडी ठोकलेल्या जागी रूळ फार तापला, तर तिथे ताशी ५० किंवा ३० कि.मी.ची मर्यादा घालतात. समजा, तीन किलोमीटरवर ३० ची मर्यादा आहे. ताशी १०० ने जाणाऱ्या गाडीला हे अंतर दोन मिनिटांपेक्षा कमी लागते, ३० ने सहा. त्यात वेग उतरवण्याचा आणि पुन्हा चढवण्याचा वेळ मिळवा, शिवाय शेवटचा डबा त्या जागेबाहेर पडेपर्यंत वेग वाढवता येत नाही. एका जागेची सहा-सात मिनिटे गेलीच.

दुहेरी मार्गावर हे इथेच संपले असते. एकेरी मार्गावर समोरची गाडी हातकणंगल्याला किंवा रुकडीला क्रॉसिंगसाठी, म्हणजे ही गाडी निघून जाईपर्यंत, उभी असते. ती उशिरा सुटते, पुढे तिसरीला अडवते. सात मिनिटांचे पंचवीस व्हायला दोन क्रॉसिंग पुरतात. फलाटावर उभ्या माणसाला कारण ‘तांत्रिक’ एवढेच ऐकू येते.

शिवाय कोल्हापूरला येणारा उशीर पुष्कळदा दुसरीकडचा असतो. महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाहून निघून नागपूर, वर्धा, अकोला, भुसावळ, मनमाड, दौंड, पुणे, मिरज असा तेराशे किलोमीटरहून जास्त प्रवास करून येते. विदर्भ-खानदेशात हवा ४५ च्या पुढे असते तेव्हा पहाऱ्याची मर्यादा ओलांडली जाण्याचा संभव तिकडे जास्त. कोल्हापूरच्या सौम्य उन्हात ती मर्यादा सहसा गाठली जात नाही, पण नागपूरचे ऊन गाडीबरोबर इथपर्यंत येते.

तारा आणि वळीव

वरची वीजतार तांब्याची, आणि तांबे पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते. साडेसातशे मीटरची तार ३० अंशांत ३८ सें.मी. वाढते. तिला झोल पडू नये म्हणून ठरावीक अंतरावरच्या खांबांना चकत्यांची वजने टांगलेली असतात. कप्पीमुळे तारेची थोडी वाढ वजनाला मोठी उतरण देते. त्याच खांबावरचे वजन पहाटे उंच आणि दुपारी बरेच खाली दिसेल.

मेच्या दुपारी चारच्या सुमारास ढग दाटतात, धुळीचा लोट उठतो आणि वळीव कोसळतो. रूळ काही मिनिटांत झपाट्याने निवतो. उष्णतेचा प्रश्न मिटतो, पण वाऱ्याने मोडलेली फांदी तारेवर पडली तर गाडी तासभर उभी राहते. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात बकलिंगपेक्षा या फांदीचीच धास्ती जास्त.

हिवाळ्यात हेच गणित उलटे होते. ताणमुक्त तापमान वर धरल्यामुळे पहाटे १२–१३ अंशांच्या थंडीत रूळ आखडतो, त्यात ताण येतो आणि एखादा कच्चा वितळजोड तुटू शकतो. त्या दिवसांत गस्त दुपारऐवजी रात्री व पहाटे निघते, आणि गस्तवाला बॅटरीच्या उजेडात रुळावरची केसाएवढी चीर शोधत चालतो.